लक्षद्वीपला जाऊ, पण रांगेत उभं राहून

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या समुद्रातले फोटो आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं, आणि आठवड्याभरात पुण्यात घरोघरी लक्षद्वीपचं नाव निघू लागलं. बेट म्हटलं की तोवर आपल्याकडे अंदमान. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून आलेली माणसं पुण्यात प्रत्येक सोसायटीत सापडतील. लक्षद्वीपचं तसं नव्हतं. आता मात्र ट्रेकिंगच्या ग्रुपवर आणि निवृत्त मंडळींच्या सकाळच्या कट्ट्यावर त्याचे बेत शिजतात आणि बेताबरोबर तक्रारही येते. परमिट काढावं लागतं, जहाजाची तिकिटं मिळत नाहीत, राहायला मोजक्याच जागा. आपल्याच देशात फिरायला परवानगी कशाला? मोकळं करून टाका की सगळं!

मला ही मागणी मान्य नाही. लक्षद्वीपला कोणी जाऊच नये, असंही मला म्हणायचं नाही. त्या उथळ, काचेसारख्या पाण्यात तोंड बुडवून तास न् तास प्रवाळ बघावा, पहाटे लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात, कयाक घेऊन जावं, हा आनंद ज्याला हवासा वाटतो त्याला तो मिळाला पाहिजे. पण एका वेळी तिथे किती पाहुणे असावेत याला कडक मर्यादा हवी. ती बेटावरच्या गोड्या पाण्याने आणि प्रवाळाने ठरवावी. आणि त्या मर्यादेत कोणाला जागा मिळणार, हे पैशाने ठरू नये. आज वारं नेमकं उलटं वाहतंय. मर्यादा सैल करायची आणि जी उरेल ती श्रीमंतांसाठी राखून ठेवायची, असा सगळा रोख आहे. स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्या पुणेकरांनी याविरुद्ध बोलायला हवं, म्हणून हा लेख.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून क्षेत्रफळ भरतं फक्त ३२ चौरस किलोमीटर. पुणे महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. या ३६ पैकी वस्ती १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ६४ हजारांच्या थोडी वर. म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. त्याच जनगणनेत पुणे जिल्ह्याची घनता होती ६०३. जाहिरातीत दिसतं ते निर्मनुष्य बेट, एक नारळाचं झाड आणि त्याला बांधलेली झोळी. प्रत्यक्षात कवरत्ती किंवा अगत्तीला घराला घर लागून आहे, शाळा आहेत, मशिदी आहेत, सायकली आणि स्कूटर आहेत. विमानतळ असलेलं अगत्ती चार चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आपण रिकाम्या जागी जात नाही, दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांच्या गावात पाहुणे म्हणून जातो. इथून विचार सुरू केला तर 'मोकळं करा' हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही.

आता थोडं भूगर्भशास्त्र, कारण या बेटांचं आणि आपल्या सह्याद्रीचं नातं फारच थोड्यांना माहीत असतं. सिंहगड चढताना पायाखाली जो काळा बसाल्ट असतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या एका झोताने, ज्याला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात, तो ओतला. नंतर भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, झोत खालीच राहिला, आणि समुद्राच्या तळावर ज्वालामुखी डोंगरांची एक लांबलचक रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि त्यांच्या दक्षिणेची छागोस बेटं हे त्याच रांगेचे माथे. मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही अधूनमधून पेटतो, तोही याच झोताचा. म्हणजे सिंहगडाचा कातळ आणि अगत्तीचा पाया एकाच उगमाचे आहेत. फरक पुढचा. आपला दगड उघडा राहिला, पावसाने कोरला आणि त्याचे कडे झाले. तिकडचा डोंगर हळूहळू समुद्रात खचला आणि त्याच्या काठावर प्रवाळ वाढत राहिला. डोंगर जितका खाली जाई तितका प्रवाळ उजेडासाठी वर येई. शेवटी डोंगर दिसेनासा झाला, राहिलं ते प्रवाळाचं कडं आणि मधलं उथळ लगून. कंकणद्वीप असं बनतं, हे डार्विनने १८४२ मध्ये मांडलं आणि पुढे अशा बेटांवरच्या खोल खोदाईने ते खरं ठरवलं.

यातून एक गोष्ट निघते आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तीच आहे. सिंहगडावर रविवारी कितीही गर्दी झाली, कितीही प्लास्टिक पडलं, तरी कातळ तिथेच राहणार आहे. लक्षद्वीपची जमीन तशी नाही. पायाखालची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा. त्यातला मोठा वाटा पोपटमाशासारख्या माशांनी प्रवाळ कुरतडून, पचवून बाहेर टाकलेला असतो. बेटाची उंची समुद्रापासून जेमतेम काही मीटर. पावसाळी लाटा बाहेरच्या प्रवाळभित्तीवर फुटतात म्हणून आतलं गाव शाबूत राहतं. भित्ती जिवंत आहे तोवर ती झिजते तेवढी वाढतेही. ती मेली की झीज तेवढी उरते. तिथे निसर्ग हा बघायला जायचा देखावा नाही, तो त्या गावाचा पाया आहे आणि गावाची भिंतही.

ही भिंत आधीच खचली आहे. समुद्राचं पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं, की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं, त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि उष्णता टिकली तर मरतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं, आणि २०२४ मध्ये पुन्हा झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांभोवती संशोधकांनी दोन तपं नोंदी ठेवल्या. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्के होतं, २०२२ पर्यंत ते १९ टक्क्यांच्या आसपास आलं. निम्मं गेलं. दोन धक्क्यांच्या मधला काळ आता प्रवाळाला सावरायला पुरत नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो आणि तो योग्यही आहे. समुद्र तापतोय तो जगभरच्या धुरामुळे. मग चार पर्यटक कमी करून काय होणार? होतं ते असं. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळापैकी किती सावरतो, हे बऱ्याच अंशी स्थानिक परिस्थितीवर ठरतं. पाणी स्वच्छ असेल, त्यात मैला आणि गाळ नसेल, प्रवाळावर वाढणारं शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील, तर नवे प्रवाळ रुजतात. सांडपाणी झिरपलं की शेवाळ माजतं आणि रुजायला जागा राहत नाही. नांगर टाकला, लगूनचा तळ खणला, पाण्यावर खोल्या बांधायला खांब ठोकले, तर गढूळपणा वाढतो आणि उजेड कमी होतो. जगाचा धूर आपल्या हातात फार कमी आहे. बेटावर किती संडास, किती बोटी आणि किती बांधकाम असावं, हे मात्र पूर्णपणे आपल्या देशाच्या हातात आहे. जो आधीच आजारी आहे त्याच्या खोलीत गर्दी करू नये, एवढं आपल्याला कळतं.

पाण्याचं गणित तर याहून सरळ आहे. पुण्याच्या डोक्यावर पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशी चार धरणं आहेत, सुमारे २९ टीएमसी पाण्याची. तरीही उन्हाळा आला की कपातीच्या बातम्या सुरू होतात. लक्षद्वीपमध्ये धरण नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. पाऊस पडतो तो वाळूतून खाली मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. हा गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. विहिरीतून उपसा वाढला की खालून खारं पाणी वर येतं, आणि एकदा विहीर खारट झाली की ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. शिवाय वाळूत काही अडत नाही, त्यामुळे शोषखड्ड्यातला मैला त्याच थरात पोहोचतो.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने यावर एक सुंदर उपाय काढला आहे. समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी करायची. २००५ मध्ये कवरत्तीला असा पहिला प्रकल्प सुरू झाला, दिवसाला १ लाख लिटर पिण्याचं पाणी देणारा, आणि नंतर इतर बेटांवरही झाले. अभिमान वाटावा असं हे काम आहे. पण दिवसाला १ लाख लिटर म्हणजे अकरा हजारांच्या कवरत्तीला माणशी नऊ लिटर. ते बेटकऱ्यांच्या पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आहे. समुद्रात डुंबून आल्यावर अंगावरचं मीठ धुवायला दोनदा शॉवर घेणाऱ्या पाहुण्याचा हिशेब त्यात धरलेला नाही. हे प्रकल्प चालायला वीज लागते, आणि बेटांवरची बरीचशी वीज आजही डिझेलवर निघते. ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं.

जहाजाचं आलंच आहे तर जरा तिथे थांबतो, कारण तिकिटं मिळत नाहीत ही आपली सर्वांत मोठी तक्रार. कोचीहून बेटांवर पोहोचायला, कोणतं बेट त्यावर, चौदा ते वीस तास लागतात. त्याच जहाजातून तांदूळ, भाजी आणि औषधं जातात. कॉलेजला केरळात शिकणारी मुलं त्यातूनच सुट्टीला घरी येतात. मोठं दुखणं निघालं तर कोचीचं रुग्णालय गाठायला सामान्य माणसाकडे तोच मार्ग, कारण हेलिकॉप्टर फक्त अगदी तातडीच्या वेळी. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या आणखी घटतात. आपल्याला मिळालेली प्रत्येक बर्थ ही बेटावरच्या कुणाला तरी न मिळालेली बर्थ असू शकते. पुण्यात एसटीच्या बसमध्ये आपल्याला जागा मिळाली नाही तर आपण अर्ध्या तासाने दुसरी पकडतो. तिथे पुढचं जहाज काही दिवसांनी असतं. म्हणून पर्यटकांची आसनं वाढवण्याआधी बेटकऱ्यांची जहाजं वाढली पाहिजेत, आणि या क्रमात अदलाबदल होता कामा नये.

मालदीवचं उदाहरण सगळे देतात. शेजारचा एवढासा देश वर्षाला वीस लाख पर्यटक घेतो, मग आपण मागे का? २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय तिकडे गेले, ते पैसे इकडे राहिले असते, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मालदीवकडे बाराशेच्या आसपास बेटं आहेत. १९७२ पासून तिथे जे धोरण रुजलं ते एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि तेही वस्ती नसलेल्या बेटावर. प्रत्येक रिसॉर्टचा स्वतःचा डिझेलचा जनरेटर, स्वतःचा पाणी गोडं करायचा कारखाना. ३६ बेटांच्या लक्षद्वीपला ही चैन परवडणार नाही. ज्यांना आपण निर्जन म्हणतो त्या बेटांवरही आसपासच्या बेटांवरचे लोक नारळ काढायला आणि मासेमारीच्या हंगामात राहायला जातात, ती त्यांची वहिवाट आहे. आणखी एक गोष्ट मालदीवची भलामण करताना कोणी सांगत नाही. रिसॉर्टमध्ये मुरलेला पैसा गावांपर्यंत पोहोचेना, म्हणून २००९ च्या सुमारास मालदीवने वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना छोटी गेस्टहाउस काढायची मुभा दिली, आणि तेव्हा कुठे सामान्य कुटुंबांच्या हातात पर्यटनाचे पैसे खेळू लागले. मालदीवकडून शिकायचंच असेल तर हा धडा घ्यावा. आपण मात्र घेतोय तो पाण्यावरच्या व्हिलांचा. सुहेली आणि कदमतला शंभराहून अधिक खोल्यांची दोन आलिशान रिसॉर्ट जाहीर झाली आहेत, त्यांतल्या बऱ्याच खोल्या थेट लगूनच्या पाण्यात.

मर्यादा न ठेवता पुढे गेलेल्यांचं काय झालं, हेही जवळच दिसतं. थायलंडमधल्या माया बे या चिमुकल्या उपसागरात दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरायची. प्रवाळ इतका उद्ध्वस्त झाला की २०१८ च्या जूनमध्ये सरकारला तो बंद करावा लागला, आणि उघडायला २०२२ उजाडलं. आता तिथे बोटींना आत प्रवेश नाही आणि एका वेळी ठरावीक संख्याच सोडतात. बंदीच्या काळात संशोधकांनी प्रवाळाचे तुकडे हाताने लावले, काळ्या टोकाचे छोटे शार्क आपण होऊन परतले. फिलिपिन्सने बोराकाय हे आख्खं बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवलं, कारण हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. हजारो लोकांचा रोजगार त्या सहा महिन्यांत थांबला. थायलंड आणि फिलिपिन्सकडे अशी शेकडो बेटं आहेत, एक बंद केलं तर दुसरं आहे. आपल्याकडे अरबी समुद्रात कंकणद्वीपांचा हा एकच पुंजका आहे.

मर्यादेला विरोध करणारे शेवटी राज्यघटना काढतात. भारतभर मुक्तपणे फिरायचा हक्क नागरिकाला कलम १९ ने दिला आहे, हे खरंच. त्याच कलमाच्या पाचव्या खंडात असंही लिहिलं आहे की अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात. लक्षद्वीपचे सुमारे ९५ टक्के रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि परमिटची पद्धत १९६७ च्या नियमांनुसार चालते. तो कुण्या अधिकाऱ्याचा लहरीपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अगत्तीच्या एका रिसॉर्टच्या खटल्यात निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांची समिती नेमली, आणि तिच्या कामातून प्रत्येक बेटाची धारणक्षमता, म्हणजे ते किती भार पेलू शकतं, हे पाहून व्यवस्थापन आराखडा करावा, ही दिशा ठरली. पाया तयार आहे. त्यावर टिकून राहायची इच्छा हवी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मर्यादा घालायची म्हटलं की लगेच ठरतं, दर वाढवा. 'कमी पर्यटक, महाग पर्यटक' हे पर्यटनाच्या धंद्यात शहाणपणाचं लक्षण समजलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या लॉर्ड हाव बेटावर एका वेळी ४०० हून अधिक पर्यटक राहू शकत नाहीत. बेट त्यामुळे विलक्षण चांगलं राहिलं आहे, पण तिथे जाणं सामान्य ऑस्ट्रेलियन माणसालाही जड जातं. आपल्यासारख्या देशात हे मला अन्यायाचं वाटतं. प्रवाळ हा देशाचा ठेवा असेल, तर तो बघायचा हक्क औंधच्या पेंटहाउसवाल्याला जितका, तितकाच हडपसरच्या शाळाशिक्षिकेला. आणि महाग पर्यटक हलका असतो हेही खोटं. रात्रीला अर्धा लाख मोजणाऱ्याला वातानुकूलन हवं, पोहण्याचा तलाव हवा, हिरवळ हवी, विमानाने आलेलं चीज हवं. माणशी पाणी, वीज आणि कचरा मोजला तर एक आलिशान खोली घरगुती मुक्कामाच्या कित्येक खोल्यांना भारी पडेल.

सोडत काढा. हा उपाय आपल्याला परका नाही. कैलास-मानसरोवर यात्रेचे यात्रेकरू परराष्ट्र मंत्रालय संगणकीय सोडतीने निवडतं, आणि नाव न लागलेला भाविक पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करतो. म्हाडाच्या सोडतीत तर अर्धं पुणे उभं राहिलेलं आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाची संख्या ठरलेली असते, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे. सुरुवातीला पुणे-मुंबईकडून केवढी कुरकुर झाली होती! आज शहाणा माणूस आधी नोंदणी करतो, मगच गाडी काढतो. लक्षद्वीपसाठीही हंगामागणिक बेटवार संख्या जाहीर व्हावी, अर्ज मागवावेत, सोडत निघावी, नाव लागेल त्याला जहाजाची बर्थ आणि घरगुती मुक्काम ठरलेल्या दरात मिळावा. मोठा हिस्सा वैयक्तिक प्रवाशांना, काही हिस्सा शाळा-कॉलेजांच्या अभ्यास सहलींना. संख्या ठरवताना द्वीप पंचायतींचा शब्द शेवटचा असावा. २०२१ मध्ये लक्षद्वीप विकास प्राधिकरणाच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा आपली जमीन आणि आपलं गाव यांचं काय होणार या धास्तीने बेटकरी एकमुखाने उभे राहिले होते. त्यांना न विचारता आखलेल्या कोणत्याही योजनेवर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि तो का बसावा?

'पर्यटन अडवाल तर तिथल्या तरुणांनी खायचं काय' हा प्रश्न मी टाळणार नाही. बेटांवर साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर आहे आणि शिकलेल्या मुलांना सरकारी नोकरी सोडली तर फारसा मार्ग नाही, हे वास्तव आहे. पण रिसॉर्टमध्ये या मुलांना बहुतेक वेळा काय काम मिळतं, हे गोव्यात आणि आपल्या कोकणात पाहिलं आहे. जमीन ज्याची होती तो पहारेकरी होतो. घरगुती मुक्कामात यजमान मालक राहतो. पाहुण्याला मासे तोच पकडून आणतो, बोट त्याची, लगूनची वाट दाखवणारा त्याचा मुलगा. लक्षद्वीपचे मच्छीमार कुपा मासा अजूनही जाळ्याने उपसत नाहीत. लगूनमधलं छोटं जिवंत आमिष पाण्यात टाकून, गळाच्या काठीने एकेक मासा काढतात. जगात मासेमारीच्या सर्वांत कमी नासाडीच्या पद्धतींत ही धरली जाते, आणि ते आमिष प्रवाळात वाढतं. मिनिकॉयचा सुकवलेला 'मास' त्याच माशाचा. या धंद्याला चांगला भाव आणि शीतगृह मिळवून दिलं तर जितकी घरं चालतील, तितकी शंभर खोल्यांच्या हॉटेलात चालणार नाहीत. पर्यटन हे या धंद्याला जोड म्हणून हवं, त्याच्या जागी नको.

आता जाणाऱ्याची तयारी. पुणेकराला डोंगराची शिस्त कळते. पावसाळ्यात कुठली वाट निसरडी, कातळावर पाय कसा ठेवायचा, गुहेत आवाज का करायचा नाही, हे इथली पोरं दहावीच्या आत शिकतात. समुद्राचं मात्र आपल्याला काहीच शिकवलेलं नसतं. स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं बघायला उतरलेला, पोहता न येणारा माणूस घाबरला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खाली जे असेल त्यावर उभा राहतो. खाली प्रवाळ असतो. तो दगडासारखा दिसतो पण प्राणी आहे. गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा गोळा दिसला तर त्याचं वय आपल्या मुलाएवढं समजावं. पायातल्या फिन्सने उडालेली वाळूसुद्धा त्याला गुदमरवते. म्हणून पोहता येणं ही लक्षद्वीपच्या पाण्यात उतरण्याची अट असावी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि टिळक टँकपासून पेठापेठांतल्या तलावांपर्यंत पुण्यात ती पुरी करायची सोय आहे. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांवर हवाई आणि पलाऊने बंदी घातली आहे. आपण पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा, प्रश्नच मिटतो. शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा.

सराव करायला एवढं लांब जायचीही गरज नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहे, तारकर्लीला डायव्हिंग शिकवतात. पाणी लक्षद्वीपइतकं नितळ नाही, पण माशांमधून हात-पाय न हलवता तरंगत राहायला शिकायला ते पुरतं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं मोठं प्रवाळक्षेत्र आहे, कान्होजींच्या घराण्याचं नाव मिरवणारं. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर आहे हे किती मराठी माणसांना माहीत असतं?

एक गोष्ट प्रत्येक अर्जदाराला आजही करता येईल. पाच दिवसांत तीन बेटं असा क्रूझचा कार्यक्रम असतो, त्यात सकाळी उतरायचं, दुपारी जेवायचं, संध्याकाळी परत जहाजावर. अशा फेरीत बेटाला कचरा मिळतो आणि बेटावरच्या घरांना जवळपास काहीच मिळत नाही. परमिट बेटाच्या नावाने निघतं. त्यावर एकच नाव लिहावं, कदमत किंवा अगत्ती किंवा मिनिकॉय, आणि आठ-दहा दिवस एकाच घरी राहावं. सगळं प्लास्टिक स्वतःच्या पिशवीत कोचीला परत आणावं, कारण ते टाकायला बेटावर जागाच नाही. हवामानाने जहाज रखडलं तर दोन दिवस जास्त लागतील, एवढी रजा आधीच काढून ठेवावी.